गंगीचं गाणं

येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, झाली की पुढच्या रविवारी गंधार सर औसा रोडवरच्या आपल्या शेतात हुरडा महोत्सव भरवायचे. लातुरात त्यांचे फिजिक्सचे क्लास जोरात चालत होते. नांदेड, देगलूर, उदगीरकडून पोरं यायची, भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीनं राहायची आणि डॉक्टर होण्याशिवाय त्यांच्या तोंडी दुसरी गोष्ट नसायची. त्या पोरांच्या आईबापांना वर्षातून एकदा शेतावर बोलवायचं, हुरडा, आंबील खाऊ घालायची, गाणं ऐकवायचं आणि जाता जाता पुढच्या वर्षीच्या बॅचचं पत्रक हातात द्यायचं, असा सरांचा बेत असे. सरांच्या पत्नी राजश्री मॅडम निवेदन करायच्या. त्या लहानपणापासून गाणं शिकलेल्या. गायला कुणाला बोलवायचं हे त्याच ठरवायच्या.

त्या वर्षी स्टेजवर गायला विरूपाक्ष होता आणि भज्जीच्या, येळवसेच्या मिसळ भाजीच्या, पातेल्यावर त्याची बायको नीलम्मा.

विरूपाक्ष तेरणाकाठच्या माळेवाडीचा. शेती थोडकी, पण गळा गोड, पेटीवर हात चालायचा. भजनाला, सप्त्याला, बारशाला आसपासच्या गावांतून त्याला बोलावणं असे. ढोलकीला शेषेराव. दोघांची जोडी जुनी. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी हे दोघं लातूरला एका गणेश मंडळात गायला गेले होते. विसर्जनाची मिरवणूक लांबली, पहाटे दोघं मंडपातच आडवे झाले आणि तिथंच जमीन हलली. लातुरात भिंतींना तडे गेले, लोक रस्त्यावर आले, एवढंच. गावाकडचं कळायला दिवस वर यावा लागला. रस्ते गाड्यांनी भरलेले, वर पाऊस. दोघं अर्धी वाट चालत माळेवाडीला पोचले तेव्हा दिवस कलला होता, आणि गाव नव्हतं. दगडमातीचे ढीग होते. विरूपाक्षच्या सहा वर्षांच्या शिवगंगेला, गंगीला, बाहेरून आलेल्या लोकांनी दुपारीच इतर प्रेतांबरोबर एका सरणावर ठेवलं होतं. हे लिंगायत. यांच्यात माणूस गेलं की त्याला मातीत बसवतात, जाळत नाहीत. त्या दिवशी कुणी कुणाला जात विचारली नाही, रीत विचारली नाही. विरूपाक्षनं लेकीचं तोंड पाहिलं नाही. धूर पाहिला.

नीलम्मा वाचली होती आणि तान्ही अक्षरा वाचली होती.

पत्र्याच्या शेडमध्ये पहिले कित्येक आठवडे नीलम्मा बोलली नाही. एका दुपारी तिनं नवऱ्याला एकदाच सगळं सांगितलं. तुळईखालून गंगीचा आवाज येत होता. ती पाणी मागत होती. मग आवाज बंद झाला. हात लागला तेव्हा हातात बांगडी तेवढी आली. विरूपाक्ष गुडघ्यात डोकं घालून ऐकत होता. त्यानंतर तिनं हा विषय काढला नाही. पण अक्षराला पायावर घेऊन झोपवताना ती तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायची:

*उठ गं माझे गंगे, उन्हं आली अंगणात,*
*माती सरता सरेना, तुझी बांगडी हातात.*

रोज एखादी ओळ वाढायची, एखादी गळायची. विरूपाक्ष तिच्याकडं पाठ करून पडलेला असायचा. तो झोपलेला नाही, हे तिला माहीत होतं.

वर्षश्राद्धाला पाहुणे आले, पुढारी आले, परदेशातून मदत घेऊन आलेली माणसं आली. तेव्हा विरूपाक्षनं पेटी पुढं ओढली आणि त्या ओळी गायला. माणसं ढसाढसा रडली. मग दुसऱ्या गावात, मग लातूरला, मग सोलापूरला. नवं गाव झालं, सरकारी घरं मिळाली, गल्ल्यांना नंबर पडले, आणि विरूपाक्ष 'भूकंपाचा आवाज' झाला. त्याच्या नावाचे बॅनर लागायला लागले. एकदा तो बायकोला म्हणाला, "तुज्याच ओव्या हायत. देवाचं म्हणावं तसं म्हणतो मी." नीलम्मा एकाही कार्यक्रमाला गेली नाही. शेतात जायची, घर बघायची, अक्षराचा अभ्यास घेता येत नव्हता तरी तिच्याजवळ बसून राहायची. गंगीचं नाव त्या घरात निघत नव्हतं. गंगी होती ती स्टेजवर.

अक्षरा दहावी झाली आणि लातूरला आली. मार्क बेताचे होते. पण गंधार सरांनी विरूपाक्षचं गाणं कुठंतरी ऐकलं होतं. "तुमची मुलगी म्हणजे आमचीच," असं म्हणून त्यांनी तिला पहिल्या बॅचमध्ये बसवलं. बारावीच्या वर्षी राजश्री मॅडमचा फोन आला, की महोत्सवाला विरूपाक्षजी तर हवेतच, पण भज्जी आणि आंबील अस्सल हातची हवी, वहिनींना घेऊन या. नीलम्माला नाही म्हणता आलं नाही.

ती शनिवारीच आली. आंबील आदल्या दिवशी घालावी लागते. रविवारी सकाळी शेतावर चुली मांडल्या. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे दाणे, वालाच्या शेंगा, चिंच, हिरवी मिरची, बेसन, सगळं एकजीव होईपर्यंत तिनं मोठ्या पातेल्यात पळी फिरवली. हाताखालच्या दोन बायका ज्वारी-बाजरीच्या पिठाचे उंडे वळत होत्या. पलीकडं आगटीत कणसं भाजत होती. लोक हुरडा तळहातावर चोळून, फुंकर मारून, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खात होते. कडब्याच्या पेंढ्या रचून स्टेज केलं होतं आणि मागच्या पडद्यावर गेल्या वर्षी पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो होते.

दुपार कलताना गाणं सुरू झालं. आधी गण, मग दोन गवळणी. लोक खातच होते. ताटं घेऊन नीलम्मासमोर रांग लागली होती. मग राजश्री मॅडम माईकवर आल्या.

"आता आपण जरा शांत होऊ या. आपल्या मातीनं सोसलेलं एक दुःख आहे. त्या दुःखाला विरूपाक्षजींनी सूर दिला. एका बापाचं गाणं ऐकू या."

नीलम्माचा हात पळीवर थांबला. बापाचं?

पेटीच्या पहिल्या सुरातच तिला तिची चाल ओळखू आली. पुढं कीबोर्ड मिसळला, चाल रुंद झाली. विरूपाक्ष डोळे मिटून गात होता. उन्हं, अंगण, माती, सगळं होतं. मग ज्या ओळी तिच्या नव्हत्या त्या आल्या:

*उपसली गं माती बापाच्या या हातांनी,*
*गंगे, तुला न्हाऊ घातलं डोळ्यांच्या पाण्यानी.*

हे म्हणताना त्यानं पेटीवरचे दोन्ही हात उचलून लोकांपुढं धरले. लोक त्या हातांकडं बघत राहिले. शेषेरावनं मान खाली घातली होती आणि ढोलकीच्या दोरीशी उगाच काहीतरी करत होता.

वाजप थांबलं. विरूपाक्ष माईकच्या अगदी जवळ गेला आणि गळा आवळून पोरीचा बारीक आवाज काढला.

"अव्वाऽऽ... पाणी... अव्वाऽऽ..."

सगळ्या माळावर कुणी हललं नाही. हुरडा तळहातावर तसाच राहिला. एका बाईनं पदर तोंडाला लावला. दोन पोरींनी मोबाइल वर धरले होते.

"अहो मावशी, शेंगा जरा जास्त घाला ना," नीलम्मासमोरची बाई हळूच म्हणाली.

नीलम्मानं शेंगा घातल्या. पळी पातेल्याच्या कडेला लागून वाजली.

गाणं संपलं, टाळ्या झाल्या, आणि मागून कुणीतरी "वन्स मोअर" ओरडलं. विरूपाक्षनं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा हात वर केले. पुन्हा आवाज काढला. नीलम्मा पाहत होती. दुसऱ्या वेळी तो पहिल्यापेक्षा थोडा जास्त थांबला, कारण पहिल्या वेळी थांबल्यावर लोक कसे गप्प झाले ते त्यानं ऐकलं होतं.

मग राजश्री मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "आणि ज्या माउलीनं हे सोसलं, ती आज आपल्यातच आहे. आपण जी भज्जी खातोय ती तिच्याच हातची. नीलम्माताई, या ना वर."

हाताला बेसन तसंच होतं. दोघी-तिघींनी तिला पुढं ढकललं. गंधार सरांनी शाल घातली, नारळ दिला. माईक तिच्या तोंडापुढं आला. "दोन शब्द बोला, ताई."

नीलम्मानं नवऱ्याकडं पाहिलं. तो पेटीवर वाकून बसला होता.

"ते गाणं माजं हाय," ती म्हणाली. माईक चरचरला. "आन् हे तितं नव्हते. हे लातूरला गणपतीत गात होते. माती म्याच उपसली. ह्यांनी पोरीचं तोंडसुद्दा बघितलं न्हाई."

विरूपाक्षनं डोळे मिटले. स्टेजच्या पायाशी मैत्रिणींबरोबर बसलेली अक्षरा लालबुंद झाली. एक क्षण नीलम्माला वाटलं की आता काहीतरी होईल. कुणीतरी उठून विचारेल, की मग हे हात कुणाचे, हा आवाज कुणाचा?

राजश्री मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, माईक घेतला. त्यांचा आवाज खरोखरच कापत होता. "बाप तिथं नव्हता. आणि तरीही गाण्यातून तो तिथं पोचला, पोरीसाठी माती उपसत राहिला. यापेक्षा मोठं काय असतं? जोरदार टाळ्या होऊ द्या या दोघांसाठी!"

टाळ्या झाल्या. मघापेक्षा मोठ्या झाल्या. काही लोक उभे राहिले.

नीलम्मा खाली उतरली. पातेल्यापाशी रांग तशीच उभी होती. मागं ढोलकी वाजायला लागली. विरूपाक्षनं क्लासवर रचलेलं मजेचं गाणं धरलं होतं आणि पोरं शिट्ट्या मारत होती.

भांडी घासताना अक्षरा तिच्याजवळ आली.

"अव्वा, सगळ्यांसमोर कशाला बोललीस तसं? पोरी काय म्हणतील? सर काय म्हणतील?"

"खोटं बोलले का मी?"

"खोटं न्हाई गं. पण अप्पाची इज्जत गेली की."

इज्जत गेली नव्हती. निघताना राजश्री मॅडम नीलम्माला शोधत आल्या, तिचे दोन्ही हात धरले. "काय बोललात हो तुम्ही! काळजाला भिडलं सगळ्यांच्या. पुढच्या वर्षी असंच करू या. गाण्याआधी तुम्ही बोलायचं, मग विरूपाक्षजी गातील. आणि भज्जीत चिंच किती घालता ते मला सांगून ठेवा."

परतताना जीपमध्ये मागं पेटी, ढोलकी आणि रिकामी पातेली होती. शेषेराव पुढं ड्रायव्हरशेजारी बसला, मुद्दाम. औसा मागं पडला.

"बोललीस ते बरं झालं," विरूपाक्ष शेवटी म्हणाला. "छातीवरचा दगड उतरला बघ माजा."

"गंगीचा आवाज का काढता?"

तो बाहेर बघत राहिला. "मी तितं नव्हतो नीले. तू होतीस. तुला तिचा आवाज तरी मिळाला. मला काय मिळालं? मी गातो तवा तितं असतो. तेवढा येळ मी तितं असतो."

हे खरं असावं, असं तिला वाटलं. त्याचं रडणं तिनं शेडमध्ये ऐकलं होतं. ते खोटं नव्हतं. पण दुसऱ्या वेळचा तो थांबा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"तिचं नाव काढा गाण्यातनं," ती म्हणाली. "आवाज काढू नका. बाकी काय गायचं ते गावा."

"मग गाणं काय राहिलं?" त्यानं साधेपणानंच विचारलं.

महिन्याभरानं नीलम्मा अक्षराच्या परीक्षेचं निमित्त करून लातूरला गेली ती परत नव्या गावी राहायला आली नाही. क्लासेसच्या गल्लीत एक खोली घेऊन तिनं पोरापोरींची मेस सुरू केली. भांडण झालं नाही. लोकांनी विचारलं तर विरूपाक्ष सांगायचा, "पोरीच्या शिक्षणासाठी राहतीय." वर्ष-दीड वर्षात तिच्या हाताला नाव झालं. देगलूरची पोरं भात मागायची, उदगीरची भाकरी. ती दोन्ही करायची.

विरूपाक्ष लातूरला कार्यक्रमाला आला की मेसवर जेवायला यायचा. एकदा असाच आला, भाकरी मोडता मोडता म्हणाला, "आता खरं सांगतो बरं का मी स्टेजवर."

"काय सांगता?"

"हेच, की मी तितं नव्हतो. गण झाला की आदी तेच सांगतो. पोरीचं तोंड बघितलं न्हाई म्हनतो. मग गाणं." तो जरा थांबला. "लोक पहिल्यापेक्षा लई रडतात."

नीलम्मा तव्यावरची भाकरी उलटत होती. तिनं ती उलटली, टोपल्यात टाकली. जे तिनं आयुष्यात एकदाच चारचौघांत म्हटलं होतं, तेही आता त्याच्या पेटीवर गेलं होतं. आणि तो हे तिला लपवून नव्हे, आनंदानं सांगत होता, तिच्या मनासारखं केलं म्हणून.

"आवाज काढता का अजून?"

तो खाली बघून जेवत राहिला.

"जेवण झालं की जावा तुमी," ती म्हणाली. "पोरं येतील आता जेवायला. आन् पुन्हा हितं जेवायला येऊ नका."

त्याला वाटलं ती रागानं बोलतेय, राग जाईल. तो आणखी दोनदा आला. तिनं ताट वाढलं नाही. मग यायचा थांबला.

अक्षराचा नंबर नांदेडच्या कॉलेजला लागला. ती तिथल्या हॉस्टेलवर राहायला गेली. दुसऱ्या वर्षी गॅदरिंगला तिनं बापाला बोलावलं. नीलम्माला हे आधी सांगितलं नव्हतं. "नुसती ये, दोन दिवस राहा," एवढंच म्हणाली होती. नीलम्मा सकाळच्या बसनं गेली तेव्हा हॉस्टेलच्या फाटकाशीच बॅनर होता. विरूपाक्षचा फोटो, त्याखाली 'भूकंपाचा आवाज'.

"चिडू नको," अक्षरा म्हणाली. दोघी फाटकाबाहेर निंबाखालच्या कट्ट्यावर बसल्या. "माज्या मैत्रिणींना ऐकायचं होतं. आन् मलाबी."

"तुला काय ऐकायचंय त्यात? तुज्या बापानं बनवलंय ते सगळं."

अक्षरा म्हणाली, "तू मला ताईचं कवा काय सांगितलंस, अव्वा? ती कशी होती, काय खायची, माज्याशी खेळायची का? एक गोष्ट सांगितली न्हाईस. घरात फोटोबी न्हाई. मला ती गाण्यातनंच माहीत हाय. अप्पानं खोटं का हुईना, काहीतरी दिलं मला."

पोर बरोबर बोलत होती.

"मग तू सांग," अक्षरा म्हणाली. "तू होतीस की तितं. काय म्हनत होती ती? खरंच पाणी मागत होती?"

नीलम्मानं लेकीकडं पाहिलं. त्या पहाटे ही लेक तिच्या कडेवर होती. किंचाळत होती, आणि जमीन पुन्हा पुन्हा हलत होती, म्हणून नीलम्मानं तिला खाली ठेवलं नव्हतं. एका हातानं तिला धरलं होतं आणि एका हातानं माती उपसत होती. एका हातानं तुळई हलत नव्हती. तिच्याखालून गंगीला अक्षरा दिसत होती, नाहीतर तिचं रडणं ऐकू येत असावं. गंगीनं पाणी मागितलंच नव्हतं. ती ओरडत होती, "अव्वा, तिला खाली ठिव. आदी मला काढ. ठिव गं तिला." शेवटी शेवटी तर शिव्या देत होती, शिमग्याला मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलेल्या. हे शेडमध्ये नवऱ्याला सांगता येत नव्हतं, म्हणून नीलम्मानं पाणी म्हटलं. तेवढं एक तिनं स्वतः बनवलं होतं. बाकीचं त्यानं बनवलं.

गंगी अशी होती. हट्टी, तोंडाळ, जगायला धडपडणारी. हे सांगितलं तर अक्षराला बहीण मिळाली असती, आणि तिला जन्मभर त्या कडेवर बसून राहावं लागलं असतं.

"सांग की," अक्षरा म्हणाली.

"पाणीच मागत हुती," नीलम्मा म्हणाली. "गाण्यात हाय तसंच."

अक्षराचे डोळे भरून आले. तिनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं, बराच वेळ तशीच राहिली. मग आत हॉलमधून माईक तपासल्याचा आवाज आला, एका मैत्रिणीनं हाक मारली, आणि ती केस नीट करून उठली. "तू बसणार न्हाईस का?"

"मेस हाय. संध्याकाळचं कोन बघणार?"

अक्षरानं फार आग्रह केला नाही. ती आत गेली. पेटीचे सूर लागायला लागले. नीलम्मानं पिशवी उचलली, फाटकासमोरच्या ऑटोला हात केला आणि लातूरच्या बससाठी स्टँडवर निघाली.